सोसायटी एका माणसाच्या डोक्यात ठेवू नका

सप्टेंबर जवळ आला की सोसायट्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा लागतात. म्हणून हे आत्ताच लिहितेय, जरा लांब आहे, पण वाचा.

आपण फ्लॅट घेतो तेव्हा चार भिंतींबरोबर एका सहकारी संस्थेचं सभासदत्वही घेतो. ही संस्था कशी चालावी याचा आराखडा १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात आहे आणि २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरणही घातलं गेलं. अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. रोजचा कारभार पाच वर्षांसाठी निवडून दिलेल्या समितीचा. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार समितीनं आपल्यातून निवडायचे. ऑडिटर मात्र सभेनं नेमायचा, कारण ज्यांचे हिशेब तपासायचे त्यांनीच तपासणारा निवडू नये. सभासदाला दप्तर पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क. (अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींचे नियम वेगळे, पण दुखणं तेच.)

माझ्या मते हा आराखडा चांगला आहे. कोणाच्याही हातात सगळं जाऊ नये असा विचार करून तो केलाय. आणि आपण काय करतो? सगळं एका सेक्रेटरीच्या हातात देतो.

सभेला कोरमसाठी, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, दोनतृतीयांश किंवा वीस, यांपैकी कमी असेल तेवढेच सभासद लागतात. तेवढेही येत नाहीत. मग सभा अर्धा तास तहकूब, आणि नंतर त्याच दहा-बारा जणांत पुन्हा सुरू. समितीसाठी नावं मागितली की सगळे खाली बघतात. "काका, तुम्हीच करा, तुमच्याशिवाय कोणाला जमणार?" काका निवृत्त असतात, इमारतीवर जीव असतो, हो म्हणतात. टाकी धुवायची वेळ, लिफ्टच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) तारीख, कुठल्या मजल्यावरून गळती उतरते, कोणाची थकबाकी कोर्टात आहे, हे सगळं हळूहळू फक्त त्यांनाच माहीत राहतं. आणि काही वर्षांनी ज्यांनी गळ घातली तेच लोक ग्रुपवर लिहितात, "हिशेब दाखवा, एवढी वर्षं खुर्ची का सोडत नाही?"

मला या काकांची बाजू मनापासून कळते, आणि हिशेब मागणाऱ्यांचीही. काहींनी खरंच पैसे खाल्ले असतील, त्यांच्यावर कारवाई व्हावी. पण बहुतेक ठिकाणी माणसं वाईट नसतात, कामाची वाटणीच झालेली नसते. एकट्यानं चालवलेल्या कारभारावर संशय येणारच आणि प्रामाणिक माणसाकडेही तो खोडून काढायला कागद नसतो.

माझ्या नात्यातल्या एका इमारतीतले सेक्रेटरी अचानक गेले. बँकेचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार आणि डीम्ड कन्व्हेयन्सच्या (बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही तर ती सरकारकडून करून घेण्याच्या) अर्जाची फाइल त्यांच्या घरच्या कपाटात. दहावा व्हायच्या आत त्यांच्या बायकोला फोन सुरू झाले: लिफ्टवाल्याचं बिल, वॉचमनचा पगार, टँकरचे पैसे. त्या बाईंनी दुःख करायचं की फायली शोधायच्या? हे त्या इमारतीतल्या प्रत्येक सभासदाचं देणं होतं आणि ते फेडावं लागलं तिला.

यावर उपाय अवघड नाहीत. सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्याही हाताखाली समितीतला एकेक माणूस पहिल्या दिवसापासून तयार करायचा. चेकवर दोन सह्या असतातच, मग नेटबँकिंगलाही एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं अशी सोय घ्या. नवं ॲप घेऊन भागत नाही, त्याचा पासवर्डही त्याच माणसाकडे असतो.

सगळ्यात मोठी गोष्ट मिनिट्स, म्हणजे सभेचा लेखी वृत्तांत. "सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर" हे वाक्य मी इतक्या मिनिट्समध्ये वाचलंय की राग येतो. कसली चर्चा? वॉटरप्रूफिंगसाठी किती कोटेशनं आली, कोणाची, स्वस्त नाकारलं तर का, सूचक कोण, विरोध कोणाचा, हे लिहा. विरोध असेल तर तो नावासकट नोंदवून घ्या. समितीच्या निर्णयाची जबाबदारी सगळ्या समितीवर येते, तुम्ही मनातल्या मनात नाराज होतात याचा पुढे काही उपयोग नसतो. आणि व्हॉट्सॲपवरचे अंगठे म्हणजे ठराव नव्हे.

महिलांसाठी समितीत राखीव जागा आहेत. नाव बायकोचं आणि बैठकीला नवरा, हे अजूनही चालतं. बायांनो, स्वतः जा. सही करण्याआधी कागद वाचा, कळलं नाही तर विचारा, पुन्हा विचारा.

हे आज जास्त तातडीचं आहे, कारण जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यात. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या सूचनांत सभांचं व्हिडिओ चित्रीकरण आहे, विकासक निवडताना उपनिबंधक कार्यालयाचा (सहकार खात्याचा) अधिकारी हजर ठेवणं आहे. ही काळजी कशासाठी? आयुष्यभराच्या कमाईचं घर एक-दोन माणसांच्या बोलण्यावर जाऊ नये म्हणून. पण पाच हजारांच्या नळदुरुस्तीचा कागद ज्या सोसायटीत सापडत नाही, तिथे प्रकल्प सल्लागाराचा अहवाल तीनशे पानी आला तर तो कोण वाचणार? बिल्डरलाही एकाच माणसाशी बोलणं सोयीचं असतं.

तेव्हा यंदा सभेला जा, तहकुबीनंतर नाही, आधी जा. आणि त्याआधी सेक्रेटरींना लेखी कळवून एक विषय पत्रिकेवर घ्यायला सांगा: सोसायटीच्या सगळ्या कागदपत्रांची यादी, कोणता कागद कुठे आणि कोणाकडे आहे यासह, समितीनं तयार करून सभासदांना द्यावी. यादी करायला माणसं लागतील. पहिलं नाव तुमचं द्या.