सरासरी ९०, मग पुढचा नग कितीला?

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या गाळेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "महिन्याचा एकूण खर्च भागिले नग, हाच तुमचा भाव. त्याखालची ऑर्डर सोडा, वरची डोळे मिटून घ्या. भाडं प्रत्येक नगात धराच. डेरिव्हेटिव्ह कॉलेजात ठीक. अर्धा बुश कोण बनवतो?"

घोळ त्या "डोळे मिटून"मध्ये आहे. लेथवर पितळी बुश (शाफ्टभोवती बसणारी छोटी नळी) काढणारा एक गाळा धरू, आकडे मुद्दाम सोपे घेऊ. महिन्याला न नग काढले तर

खर्च = ६०,००० + ४०न + ०.०१न²

साठ हजार भाडं-पगाराचे, चाळीस नगामागे पितळेचे. शेवटचं पद कामाच्या रेट्याचं: दुप्पट दराचा ओव्हरटाइम, झिजणारी टूल्स, घाईत वाया जाणारा माल.

२,००० नगांना खर्च १,८०,०००, सरासरी ९०. ३,००० नगांना २,७०,०००, सरासरी पुन्हा ९०च! मजकुराच्या लेखी दोन्ही महिने सारखे. आता विकलज, म्हणजे मजकुरातलं तेच डेरिव्हेटिव्ह, काढा: ४० + ०.०२न. हाच सीमांत खर्च, म्हणजे आणखी एका नगाने वाढणारा खर्च. पहिल्या महिन्यात पुढचा नग ८० रुपयांना पडतो, दुसऱ्यात १०० ना. २,००० वर असताना ८५ च्या भावाने आणखी २०० नगांची ऑर्डर आली, तर खर्च १६,४०० ने वाढतो आणि हाती १७,००० येतात. ती सोडा म्हणे. ३,००० वर असताना ९५ ने तेवढेच नग घेतले, तर १९,००० साठी २०,४०० घालवाल. ती मात्र डोळे मिटून घ्यायची!

भाड्याचं म्हणाल, तर स्थिरांकाचा विकलज शून्य. ऑर्डर घ्या, नका घेऊ, गाळामालक तेवढंच मागणार. महावितरणच्या बिलातही स्थिर आकार आणि वीज आकार वेगळे असतात ते उगाच नाही. पण वर्षभराचा दर ठरवताना मजकुराचं खरं आहे: सगळेच नग ८५ ने गेले तर भाडं निघायचं नाही.

अर्ध्या बुशाचा विनोद बरा आहे; विकलज नगाचे तुकडे होतात असंच धरून चालतो. सूत्र ८० म्हणतं, २,००१ वा नग प्रत्यक्षात ८०.०१ ला पडतो. एका पैशासाठी भांडायचं का? खरी अडचण मजकूर लिहिणाऱ्याच्या लक्षातच आली नाही. दुसरी पाळी लावावी लागली किंवा नवा लेथ घ्यावा लागला, की खर्च एकदम उडी मारतो, आणि त्या उडीवर विकलज चालत नाही. तिथे ऑर्डरसकटचा आणि ऑर्डरशिवायचा असे दोन्ही एकूण खर्च मांडून सरळ वजाबाकी करावी लागते.