निपाणीकर काकांना उत्तर: दूध, वखार आणि चोंदलेलं नाक

मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की दुधाने कफ वाढतो हे निव्वळ थोतांड आहे. त्यावर 'निपाणीकर' या नावाने एक सणसणीत प्रतिक्रिया आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तंबाखूच्या वखारीत ३५ वर्षं नोकरी, त्यातली २० वर्षं सायनसचा त्रास. ३१ मार्चला निवृत्त झाले, बेळगावात अनगोळला मुलाकडे राहायला आले आणि त्याच सुमारास दूध, दही, ताक सगळं सोडलं. मे संपेपर्यंत नाक मोकळं! जूनमध्ये गावी नातवाच्या बारशाला वाटीभर बासुंदी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी नाक पुन्हा बंद. शेवटचा टोला असा: "मेडिकल दुकानात बसून गोळ्या विकणाऱ्या बाईला पथ्य कसं पटणार?"

काका, टोला बसला. गोळ्या विकते हे खरंच आहे.

आधी माझी चूक. 'थोतांड' हा शब्द मी वापरायला नको होता. २०१९ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. घशात सारखा कफ साचतो अशी तक्रार असलेल्या १०८ जणांचे दुग्धजन्य पदार्थ सहा दिवस बंद केले. त्यातल्या शेवटच्या चार दिवसांत निम्म्यांना रोज ३५० मिली गाईचं दूध दिलं, निम्म्यांना सोयाचं, आणि कोणाला काय मिळतंय हे त्यांना कळू दिलं नाही. सोयावाल्यांनी कफ कमी झाल्याचं सांगितलं. म्हणजे तुमच्या बाजूनेही एक कागद आहे, आणि तो मी मागच्या लेखात दडपला. लेख चुरचुरीत करण्याच्या नादात होतं असं.

पण त्या प्रयोगात कफ मोजला नव्हता, लोकांना किती वाटला ते विचारलं होतं. मोजण्याचा खटाटोप त्याआधी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला झालाय. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६० धडधाकट तरुणांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला आणि दहा दिवस त्यांनी नाक पुसलेले कागदी रुमाल गोळा करून चक्क वजन केलं. (असली नोकरी कोणी पत्करली असेल देव जाणे.) त्यात रोज एक थेंबही दूध न पिणारे होते, तसे ११ ग्लास पिणारेही होते. दूध जास्त म्हणून रुमाल जड, असं काही निघालं नाही. मात्र दुधाने कफ होतो अशी ज्यांची आधीपासून समजूत होती, त्यांनी खोकला आणि नाक चोंदल्याच्या तक्रारी जास्त सांगितल्या. रुमालाचं वजन त्यांचंही इतरांएवढंच.

याचा अर्थ ते खोटं बोलत होते असा नाही. सायीचं म्हशीचं दूध प्यायल्यावर घशात काहीतरी दाटल्यासारखं होतं, ते मलाही होतं. दुधातल्या स्निग्धाचे बारीक थेंब लाळेत मिसळतात आणि लाळ थोडा वेळ दाट होते. जिभेवर, घशावर त्याचा थर बसतो आणि आपण खाकरतो. त्याच ॲडलेडच्या मंडळींनी पुढे १२५ जणांना चव झाकून गाईचं दूध आणि सोयाचं पेय दिलं, तर दोन्हींनी सारखंच चिकट वाटलं. दूध पिऊन झाल्यावर कोमट पाण्याने खळखळून चूळ भरा. दाटलेपण बरंचसं गेलं, तर तो कफ नव्हता.

सर्दीत दूध-दही नको म्हणणाऱ्या आजीलाही मी खोटं ठरवत नाही. हा वाद आपल्या सीमावादाहून कितीतरी जुना आहे. बाराव्या शतकातला मायमोनिडीस नावाचा ज्यू वैद्य दम्याच्या रोग्याला दूध टाळायला सांगत होता, आणि चरकाने रात्री दही खाऊ नये म्हटलंय ते तर त्याच्याही शेकडो वर्षं आधी. पण माझी आजी सर्दीत दह्याचं भांडं उचलून ठेवायची आणि रात्री त्याच हाताने हळद-दूध द्यायची. आमच्या शेजारचं कन्नड कुटुंब भर थंडीत रोज मोसरान्न, म्हणजे दहीभात, खातं, आणि त्यांच्याकडे नेगडी (सर्दी) आमच्यापेक्षा जास्त नाही. हाही पुरावा नव्हे म्हणा, शेजाऱ्यांवरून शास्त्र ठरत नाही.

आता तुमच्या वखारीकडे येते, कारण मला सगळी ग्यानबाची मेख तिथेच दिसते. माझे मामा निपाणीच्या वखारीत होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचे तर दारातच शिंका सुरू. आत बायका तोंडाला पदर गुंडाळून तंबाखू चाळत असायच्या आणि कौलातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात पिवळट धूळ तरंगताना दिसायची. मामा संध्याकाळी नाक शिंकरायचे तर पांढरा रुमाल तपकिरी व्हायचा. मामींनी शेवटी त्यांच्यासाठी पांढरे रुमाल आणणंच सोडलं. अशा धुळीने नाकाचं अस्तर सुजतं, सायनसच्या पोकळ्यांची बारीक तोंडं बंद होतात आणि आतला स्राव अडकून पडतो. (आपण "मला सायनस आहे" म्हणतो, त्या पोकळ्या सगळ्यांनाच असतात, सूज तेवढी काहींनाच.)

तुम्ही ३५ वर्षांची ही धूळ ३१ मार्चला सोडलीत. त्याच सुमारास दूध सोडलंत आणि थंडीही तेव्हाच सरली. तिघांतल्या एकालाच श्रेय कसं द्यायचं? आणि बारसं कुठे झालं? "गावी", असं तुम्हीच लिहिलंय. वखारींच्या गल्लीतलं घर, जूनच्या पावसाची ओल, पाहुण्यांची गर्दी, त्यातले दोन-चार तरी शिंकणारे. त्यात बिचारी बासुंदी एकटी सापडली.

जाता जाता दुकानदार म्हणून एक. नाक उघडायचे थेंब तुम्ही अजून घालत असाल तर सलग पाच-सात दिवसांपलीकडे नको. पुढे त्या थेंबांनीच नाक चोंदायला लागतं, आणि अशी गिऱ्हाइकं मी रोज बघते.

दूध सोडल्याने तुम्हाला बरं वाटत असेल तर खुशाल सोडा. कॅल्शियमचं बघा मात्र. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास असतं, आणि खानापूरकडची नाचणी अनगोळला सहज मिळेल. नातवाचं दूध मात्र सर्दीच्या नावाखाली तोडू नका. दुधाची खरी ॲलर्जी काही तान्ह्या मुलांना असते. त्यात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. ते डॉक्टरांचं काम, तिथे घरचे प्रयोग नकोत.

तुम्हाला तसलं काही नाही, म्हणून एक सुचवते. सकाळी गूळ-वेलदोडा घातलेली दाट नाचणीची खीर सुरू करा. सूनबाईंना सांगा, त्यात कधी दोन चमचे दूध पावडर घालायची, कधी नाही, आणि तुम्हाला पत्ता लागू द्यायचा नाही. तुम्ही रोज नाक कसं आहे ते वहीत लिहा, त्यांनी पावडरचे दिवस वेगळे लिहावेत. तीन आठवड्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि जे निघेल ते इथे कळवा. तुमचं खरं निघालं तर तुमच्या वह्यांसकट छापते. फक्त हे सगळं अनगोळलाच करा, त्या तीन आठवड्यांत निपाणीला जाऊ नका.