संग्रहालयातल्या इंटर्नना विद्यावेतन कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की कॉलेजची मुलं आपल्या बडोद्याच्या संग्रहालयात शिकायला येतात, मग त्यांना विद्यावेतन कशाला? खरी आवड असेल तो फुकटही येईल. मला हे अजिबात पटत नाही.

आवड बडोद्याबाहेरच्या डभोईच्या मुलालाही असते. पण रोजचं अपडाऊन आलं, आणि सुट्टीत दुकानात उभं राहून मिळणारे पैसे बुडाले. घरचे विचारतात, "दोन महिने जाऊन हातात काय येणार?" उत्तर नसलं की मुलगा दुकानात जातो, आणि घरून निर्धास्त असलेला, शहरातल्याच रावपुऱ्यातला मुलगा कमाटीबागेतल्या संग्रहालयात पोचतो. इथे आवड कुणी मोजलीच नाही, मोजली गेली ती ऐपत. संग्रह सांभाळणारे उद्याचे क्युरेटर तिथे पोचलेल्या याच मुलांतून तयार होणार, म्हणून मला याची जास्त काळजी वाटते.

शिवाय ही मुलं नुसती बघत बसत नाहीत. एका मातीच्या भांड्यावर नोंदवहीतला क्रमांक घालायचा तर आधी जागा शोधावी लागते, मांडणीत दिसणार नाही पण उचलल्यावर लगेच सापडेल अशी. तिथे पारदर्शक रेझिनचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की बारीक निबने आकडे लिहायचे, वर पुन्हा थर. उद्या काढायची वेळ आली तर भांड्याला धक्का न लागता सगळं ॲसिटोनने निघालं पाहिजे. मग मापं, फोटो, कुठे चीर, कुठे टवका उडालाय याची नोंद. एक आकडा चुकला तर वस्तू कपाटात असूनही हरवल्यात जमा. हे संस्थेचंच काम आहे. मेडिकलचे इंटर्नही शिकतच असतात, त्यांच्या विद्यावेतनावर कुणी हरकत घेत नाही.

अमेरिकेतही फुकट राबवायचीच रीत होती. लॉस एंजेलिसच्या गेटी फाउंडेशनने १९९३ मध्ये, संग्रहालयांत क्वचितच दिसणाऱ्या समाजांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पगारी उन्हाळी इंटर्नशिप सुरू केली. मुलं तिथल्या वेगवेगळ्या संग्रहालयांत काम करतात, पैसा फाउंडेशनचा. २०१९ मध्ये तिथल्या कला संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेनेही इंटर्नना मोबदला द्यावा असा ठराव केला.

आणि बडोद्याला हे नवं का वाटावं? हे संग्रहालय उभं करणाऱ्या सयाजीराव महाराजांनीच १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बुद्धी बाबासाहेबांची होती, न्यूयॉर्कला राहायचा खर्च कुणीतरी उचलायला हवा होता.

संग्रहालयाकडे पैसा कमी, हे तुमचं म्हणणं खरं आहे. तुमच्या मंडळातर्फे शेवटी प्रमाणपत्रासोबत बक्षीस देता येईल, असंही तुम्ही सुचवलंत. बक्षीस नको, काका. तीच रक्कम महिन्याच्या सुरुवातीला द्या, म्हणजे बसचा पास निघेल. मंडळाच्या पुढच्या बैठकीत विषय घेणार असाल तर प्रस्तावाचा मसुदा मी करून आणते.