‘बापाची खिल्ली’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘बाबा आणि कूलर’ या माझ्या चित्राबद्दल लिहिलं, त्याखाली तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. चूक आधी कबूल करतो. चित्रकार भूपेन खख्खर यांचं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र १९८१ चं. मी १९८३ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते वाक्य. ‘बापाची खिल्ली उडवून टाळ्या घेणारे आजकाल पैशाला पासरी झालेत.’ मुद्दा असेल तर मांडा ना, माणसाला पासरीनं काय तोलता? ओळख ना पाळख! मी अजून तुम्हाला ‘तुम्ही’च म्हणतोय, तेवढं लक्षात घ्या.

आणि खिल्ली काय असते ते नागपूरच्या महाल भागात वाढलेल्याला शिकवू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे टर उडवायला केलेले पुतळे. ते मी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेत. पुढाऱ्याचा बडगा आला की गल्लीत सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते बाबाच. पण बडगा गावाबाहेर नेऊन जाळतात. बाबांचं चित्र मी बैठकीत लावलंय.

त्यात आहे तरी काय? मे महिन्याची दुपार, बनियनवर स्टुलावर चढलेले बाबा, हातात कूलर भरायचा पाइप. पाइपला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आणि नेमकी तिथूनच धार पायजम्यावर. मागे तीन आत्या, तिघींची बोटं तीन दिशांना. बाबा दरवर्षी म्हणायचे, ‘हा कूलर नाही, जावई आहे. उन्हाळ्यात येते, बादलीनं पाणी पिते अन् रात्रभर घोरते.’ विनोद त्यांचा आहे, महाराज. मी नुसते रंग लावलेत.

शेवटच्या आजारपणात आठ महिने त्यांची दाढी मी केली. मुलगा कसा असावा याचा दाखला तुमच्या सहीनं नकोय मला. चित्र तेव्हाच दाखवलं होतं. बराच वेळ बघून म्हणाले, ‘पट्टी नळाकडच्या टोकाला होती.’ झालं, एवढीच समीक्षा.

रंग भडक, नाक मोठं, हे चित्र नव्हे व्यंगचित्र, वगैरे वगैरे: असेल बुवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. खख्खरांच्या त्या चित्रात खाली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चाललीय आणि ते स्वतः सज्ज्यात उघडे, पाठमोरे उभे आहेत. तुमच्या चित्रात तुम्ही कुठे? अहो, आत नळ कुणीतरी धरायला लागतो ना. मी तिथं होतो. मधे भिंत आहे म्हणून दिसत नाही.