सहा घरांचे आच्छादन

पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या तेव्हा साताऱ्यातल्या पेठा थोरल्या बंधूंनी स्वतःकडे ठेवल्या आणि गावाबाहेरची सहा घरे, मी संगणकशास्त्र शिकवतो एवढ्याच कारणावरून, माझ्या पदरात टाकली. पुण्याच्या रस्त्याला आनेवाडी, पाचवड आणि वाई. कराडच्या रस्त्याला नागठाणे, उंब्रज आणि खुद्द कराड. "अहो, दोन रविवारांचं तर काम आहे. एकदा वाईला जा, एकदा कराडला जा," असे सौभाग्यवतीने पोळ्या लाटता लाटता सांगून टाकले.

इतके सरळ उत्तर खरे असेल यावर माझा विश्वास बसला नाही, कारण हाच प्रश्न मी वर्गात 'सेट कव्हर' या नावाने दोन तास शिकवतो. काही वस्तू असतात, त्यांचे काही गट आखून दिलेले असतात, आणि एकही वस्तू न सुटता कमीत कमी किती गट उचलावे लागतील ते सांगायचे असते. ऐकायला हा पोरखेळ वाटतो. पण रिचर्ड कार्प यांनी 1972 साली ज्या 21 प्रश्नांची अवघड म्हणून यादी दिली, तीत तो मानाने बसलेला आहे. गट 40 असले तर कोणते उचलावेत आणि कोणते सोडावेत याचे पर्याय 1 लाख कोटींच्या वर जातात, आणि दर वेळी अचूक उत्तर चटकन काढून देणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. म्हणून आम्ही मुलांना हावरी रीत शिकवतो: ज्या गटात न झाकलेल्या वस्तू सर्वाधिक, तो आधी उचलावा, मग उरलेल्यांत पुन्हा तेच करावे.

नेमकी त्याच आठवड्यात शाहूपुरीत एका नातलगांची वास्तुशांत होती आणि तिला आनेवाडी, पाचवड, नागठाणे व उंब्रज अशी चारही घरे येणार होती. वाईच्या फेरीत तीन घरे, कराडच्या फेरीत तीन घरे आणि इथे एका पंगतीत चार! मी हावरेपणाने चार पत्रिका खिशात घालून गेलो, जिलबीच्या आग्रहात त्या वाटल्या आणि विजयी मुद्रेने घरी आलो. सौभाग्यवतीने उरलेल्या पत्रिका मोजल्या. एक वाईची होती, एक कराडची. वाई टाळण्याची सोय नव्हती, कारण तिथे आत्या आहे आणि ढोल्या गणपतीपुढे पत्रिका ठेवायची आमच्या घरची रीत आहे. म्हणजे दोन्ही फेऱ्या जशाच्या तशा उभ्या होत्या आणि दोनाचे तीन दिवस झाले होते.

शास्त्राच्या दृष्टीने मी निर्दोष होतो. वाशेक ख्वाताल यांच्या 1979 सालच्या निष्कर्षानुसार, सर्वांत मोठा गट चाराचा असेल तर हावरी रीत सर्वोत्तम उत्तराच्या 1 + 1/2 + 1/3 + 1/4, म्हणजे सुमारे 2.08 पटींपलीकडे जात नाही. मी तर दीड पटीवरच थांबलो होतो. हे मी घरात बोलून दाखवले, आणि ते बोलायला नको होते.

पुढे आणखी एक घोटाळा होता. सेट कव्हरमध्ये एखादी वस्तू दोनदा झाकली गेली तरी दंड पडत नाही. आमच्या नात्यात पडतो, आणि तो चहाच्या कपांत मोजतात. वाईला निघालो तर आनेवाडीच्या काकू रस्त्यातच उभ्या होत्या. "पत्रिका काय मांडवात देतात होय? उंबऱ्याला पाय लागायला नकोत?" असे म्हणून त्यांनी आत बसवले. पाचवडला तेच झाले, पुढच्या रविवारी नागठाण्याला आणि उंब्रजलाही तेच झाले, फक्त उंब्रजला चहाबरोबर शिराही होता. सहा घरांसाठी दहा भेटी आणि पोटात आम्लपित्त घेऊन मी कराडला मामांच्या दारात पोहोचलो.

मामांनी पत्रिका कपाळाला लावली, कौतुकाने वाचली आणि मग कपाटातून एक जाडजूड पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या नातवाच्या मुंजीच्या पत्रिका होत्या.

"बरं झालं आलास," मामा म्हणाले. "उंब्रज, नागठाणे तुझ्या वाटेतच आहेत. आनेवाडी, पाचवड आणि वाई पुढच्या रविवारी केलंस तरी चालेल."