ग्लासात थुंकून बुरशी कळत नाही

‘सकाळी उठल्याबरोबर, चूळ न भरता, ग्लासभर पाण्यात थुंका. थोड्या वेळाने लाळेतून खाली धागे सुटले तर समजा, पोटात कॅन्डिडा बुरशी वाढली आहे.’ हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. शेवटी बहुतेकदा कुठल्यातरी पावडरची जाहिरात असते.

धागे बुरशीचे असतात म्हणे. नाही, ते म्युसिनचे असतात. लाळेत सुमारे ९९ टक्के पाणी. उरलेल्यात क्षार, एन्झाइम आणि म्युसिन ही चिकट प्रथिनं. झोपेत लाळ फार कमी सुटते, तोंड उघडं ठेवून घोरणाऱ्याचं तर पार कोरडं पडतं. म्हणून सकाळची थुंकी दाट आणि तार धरणारी असते. कॅन्डिडाच्या पेशी बघायला सूक्ष्मदर्शकच लागतो.

थुंकी बुडाली तर आजारी, तरंगली तर ठणठणीत? हवेचे बुडबुडे अडकले की तरंगते, सुटले की बुडते. एवढंच.

बरं, लाळेत कॅन्डिडा खरंच सापडली, तरी काय सिद्ध झालं? साधारण निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात ती असतेच. पोटाबद्दल तर त्यावरून काहीच कळत नाही. तोंडातला आजार ओळखतात तो जिभेवर, गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे दिसणारे चट्टे पाहून. पुसले की खाली लालभडक. शंका असेल तर डॉक्टर तिथलं खरवडून स्लाइड बघतात.

‘मग लॅबवाले लाळ का घेतात?’ मेसेजमधला हा एकच मुद्दा उत्तर देण्याजोगा. घेतात, आणि त्यातून आजार कळतातही. कुशिंग सिंड्रोमसाठी, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक फार वाढण्याच्या आजारासाठी, रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसोल मोजतात. कोविडमध्ये नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सलाइनच्या गुळण्यांवरून आरटी-पीसीआर करायची पद्धत बसवली आणि २०२१ साली आयसीएमआरने तिला मान्यता दिली. पण या प्रत्येक चाचणीत नेमकी एकच गोष्ट शोधतात: एक संप्रेरक, एका विषाणूचा आरएनए. तरीही चूक होतेच. अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालेली, हिरड्यांवरून पट्टी फिरवून घरी करायची एचआयव्ही चाचणी बाधित १२ जणांमागे साधारण एकाला ‘निगेटिव्ह’ सांगते. ग्लासातलं पाणी तर काहीच शोधत नाही.

पावडरीचं म्हणाल तर, चट्टे खरेच असले तर त्यामागे न सापडलेला मधुमेह, नीट न बसणारी कवळी किंवा दम्याचा स्टेरॉइड पंप असू शकतो. पंप घेत असाल तर तो मनाने बंद करू नका. प्रत्येक वेळी नंतर चूळ भरा. आणि रक्तातली साखर तपासून घ्या.