क्लॅमथचे सॅमन आणि चढणीचे मासे

अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४मध्ये पाडून झाली, तेव्हापासून सांगलीचा मामा मला अधूनमधून टोमणा मारतो, "तुमच्याकडं धरणं पाडायला लागलेत, आणि इथं अलमट्टीची उंची वाढवायला निघालेत!" फॅमिली ग्रुपवरचा बीडचा मेहुणा लगेच उसळतो. त्याचं म्हणणं, अमेरिकेनं धरणांवर पोट भरून घेतलं आणि आता ढेकर देताना मासे आठवले; आम्हाला जायकवाडीत पाणी पोचायची मारामार. क्लॅमथ जिथे उगम पावते त्या ओरेगनमध्ये मी राहतो, म्हणून पंचाची खुर्ची माझ्याकडे. माझं मत दोघांनाही आवडत नाही.

आधी मामाचं. पाडलेली चारही धरणं विजेची होती, तीही थोडक्या विजेची. त्यांच्यातून शेतीचा कालवा निघत नव्हता. त्यांच्या परवान्याची मुदत २००६ साली संपली. इथे खासगी कंपनीच्या जलविद्युत धरणाला साधारण तीस ते पन्नास वर्षांचा परवाना मिळतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी नदीतल्या माशांचं काय, याचं उत्तर द्यावंच लागतं. माशांसाठी वाटा बांधण्याच्या अटी पाळण्यापेक्षा धरणं काढणं स्वस्त पडत होतं. २००२ साली खालच्या टप्प्यात तीस हजारांहून जास्त सॅमन मासे मेले, तेव्हापासून युरोक आणि कारुक या आदिवासी जमातींनी लढा कधी सैल पडू दिला नाही, हे खरंच. पण पैशांचं गणित जुळलं नसतं, तर निव्वळ माशांसाठी कुणी सुरुंग लावला असता असं मला वाटत नाही.

कारण त्याच नदीच्या वरच्या अंगाला शेतीसाठी पाणी वळवणारी व्यवस्था शाबूत आहे. २००१च्या दुष्काळात माशांसाठी तिथल्या कालव्याचं पाणी तोडलं, तेव्हा शेतकऱ्यांनी जबरदस्तीने दरवाजे उघडले होते. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा ज्याने पाहिलंय, त्याला यात काही नवीन वाटणार नाही. शेजारच्या स्नेक नदीवरची चार धरणं गहू वाहून नेणाऱ्या बार्जेससाठी (सपाट मालवाहू नौकांसाठी) आणि विजेसाठी अजून उभी आहेत. वाद कित्येक दशकांचा आहे. तेव्हा मामा, इथेही सोयीची धरणं कुणी पाडत नाही.

आता मेहुण्याचं. आपल्याकडे पाण्याचं सगळं भांडण टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत चालतं, आणि टीएमसीत मासा मावत नाही. मृगाच्या पावसात ओढ्याला पहिलं गढूळ पाणी आलं की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, पार भातखाचरांपर्यंत, अंडी घालायला. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. कोकणात काही भागांत वलगणीचे. सॅमन समुद्रातून येतो, आपले हे मासे जवळच्या नदीतून. पण दोघांनाही मोकळी वाट लागते आणि वेळेवर वाढणारं पाणी लागतं. धरण नुसती वाट अडवत नाही. पावसाळ्याचे पहिले पूर जलाशय भरण्यातच जातात, त्यामुळे खालच्या नदीला जूनमध्ये मिळायचा इशारा ऑगस्टमध्ये मिळतो, कधी मिळतच नाही. भिंतीच्या वर पाणी साचतं, वाहत्या पाण्यातले मासे हटतात आणि थांबलेल्या पाण्यात माजणारे वाढतात. उजनीवर जाऊन बघा, जाळ्यात चिलापी किती येते ते.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे मत्स्यबीज सोडा. त्याने मासळीचे टन वाढतात, जाती वाढत नाहीत. सायक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याखालच्या मुळा-मुठेतल्या ज्या महसीरचं, म्हणजे नदीतल्या एका मोठ्या माशाचं, पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं, त्याची पिल्लं टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात वाढवून देशभर सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत हाच मासा बोकाळला आणि तिथला मूळचा कुबडा महसीर आज नामशेष होण्याच्या कड्यावर आहे. इकडे ओरेगन-वॉशिंग्टनमध्येही सॅमनची पिल्लं वाढवणाऱ्या हॅचऱ्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत, आणि त्यांनी रानटी सॅमन वाचवलेला नाही. २०२४च्या ऑक्टोबरात मात्र धरणं हटल्यावर काही आठवड्यांतच चिनूक जातीचे सॅमन ओरेगनपर्यंत चढून आले. शंभराहून अधिक वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून जायकवाडी पाडा असं कोण म्हणेल? मला इथून तिकडे न्यावीशी वाटते ती परवान्याची मुदत. महाराष्ट्रात मोठी धरणंच दोन हजारांवर आहेत. एकदा बांधलं की ते कशासाठी बांधलं होतं आणि आज काय करतंय, हे विचारायची तारीख कधी येत नाही. गाळाने भरलेले, कुणाच्याच कामाचे न राहिलेले बंधारे तरी त्या तारखेला निघतील. धरणाच्या कडेने मासे वर चढावेत म्हणून बांधलेल्या इथल्या पायऱ्यांची, माशांच्या शिड्यांची, नक्कल मात्र नको. त्या उड्या मारणाऱ्या सॅमनसाठी आहेत, आपला चिमुकला मुरी मासा तिथे काय करणार? गंगेवरच्या फरक्का बंधाऱ्याला माशांसाठी खास वाट ठेवली होती, तरी १९७५नंतर समुद्रातून येणारी हिलसा मासळी अलाहाबादपर्यंत पोचेनाशी झाली.

त्यापेक्षा कोल्हापुरी बंधारा पाहा. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे, ऑक्टोबरात पुन्हा घालायचे, म्हणजे ऐन चढणीच्या दिवसांत नदी मोकळी. कुणी माशांचा विचार करून तो बांधला नव्हता, पण सोय झाली. आता काही ठिकाणी त्यांच्या जागी यांत्रिक दरवाज्यांचे बॅरेज येताहेत. ते दरवाजे जूनच्या पहिल्या पुराला उघडे ठेवायचे की पाणी भरून घ्यायला लावायचे, हे ज्या बैठकीत ठरतं तिथे पाटबंधारे खात्याचे इंजिनीअर असतात, आमदार असतात. भोई समाजाचा एक माणूस तिथे बसवायला कुठलं धरण पाडावं लागत नाही.